ग्रंथातील अरण्य आणि पडद्यावरील अरण्य



शिवनी जिल्ह्यातील मुंडाऱ्याजवळ उगम पावणारी वैनगंगा बालाघाटजवळून वाहत पुढे भंडारा, गडचिरोलीच्या मराठी मुलखात उतरते आणि वर्धेला मिळून प्राणहिता होते. या नदीचे नाव भारतातील अनेक शहरांत कोणी ऐकलेले नसेल. परंतु इंग्लंड, रशिया, जपान, अमेरिका येथील लाखो मुलांनी ते आपापल्या भाषेत वाचले आहे. रुडयार्ड किपलिंगच्या ‘जंगल बुक’मध्ये शेरखान नावाचा लंगडा वाघ वैनगंगेच्या काठी राहतो, दुष्काळात सगळे रान वैनगंगेच्या आटलेल्या पात्राशी पाण्याला जमते आणि रानकुत्र्यांच्या टोळीशी अखेरचे युद्धही याच नदीच्या घळीत होते. ज्या अद्भुतकथेवर जगाने पुनःपुन्हा चित्रपट काढले, तिची नदी बालाघाटकरांच्या परिचयाची आहे. म्हणूनच, अद्भुतकथा पडद्यावर आणताना मूळ ग्रंथाशी किती इमान राखावे, या वादात बोलण्याचा या गावाला थोडा अधिक अधिकार आहे.

हा वाद वरवर रसिकांच्या करमणुकीचा वाटतो. ग्रंथ आधी वाचलेला वाचक चित्रपटगृहातून बाहेर पडताना म्हणतो, ‘पुस्तकात असे नव्हते.’ ग्रंथ न वाचलेला प्रेक्षक उत्तर देतो, ‘पण चित्र छान होते.’ दोघेही आपापल्या जागी खरे असतात आणि वाद तिथेच थांबतो. तो थांबू नये, कारण त्याच्या पोटात एक गंभीर प्रश्न आहे. जी मुले ग्रंथापूर्वी चित्रपट पाहतात, त्यांच्या मनात रान म्हणजे काय, प्राणी म्हणजे काय आणि कायदा म्हणजे काय, याची पहिली प्रतिमा कोण घडवतो? आणि ते रान जर त्यांच्याच जिल्ह्यातले असेल, तर त्या प्रतिमेचे मोल अधिकच वाढते.

प्रथम ग्रंथाचा इतिहास पाहावा. किपलिंगचा जन्म 30 डिसेंबर 1865 रोजी मुंबईत झाला; वडील तेथील कलाशाळेत अध्यापक होते. ‘जंगल बुक’ 1894 मध्ये आणि त्याचा दुसरा भाग 1895 मध्ये प्रसिद्ध झाला. त्या वेळी लेखक अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात, हिमवर्षावाच्या प्रदेशात राहत होता. शिवनी-बालाघाटची अरण्ये त्याने स्वतः हिंडून पाहिल्याचे आढळत नाही. त्याच्या हाताशी होते ते रॉबर्ट स्टर्नडेल या अधिकाऱ्याचे सातपुड्यातील छावणीजीवनावरचे 1877 सालचे ‘सिवनी’ हे पुस्तक, त्याच लेखकाचा भारतीय सस्तन प्राण्यांवरचा ग्रंथ आणि अयोध्या प्रांतात लांडग्यांनी वाढवलेल्या मुलांविषयी कर्नल स्लीमनने लिहून ठेवलेली हकिकत. म्हणजे मूळ ग्रंथ हाच एका अर्थाने दुसऱ्यांच्या ग्रंथांवरून केलेले रूपांतर आहे. ‘मूळ’ हा शब्द उच्चारताना एवढे भान असलेले बरे.

तरीही त्या ग्रंथाला स्वतःचा एक कणा आहे आणि तो कणा म्हणजे ‘जंगलचा कायदा’. लोकभाषेत ‘जंगलचा कायदा’ म्हणजे बळी तो कान पिळी. किपलिंगच्या ग्रंथात अर्थ नेमका उलटा आहे. तेथे भालू हा वृद्ध, झोपाळू, पण कडक गुरुजी आहे आणि तो लांडग्यांच्या पिलांना कायदा पाठ करून घेतो. शिकार कधी करावी, परक्या हद्दीत परवानगी कशी मागावी, दुष्काळात पाण्यावर कोणी कोणाला मारू नये, हे सारे त्यात येते. मोगलीचा जीवसुद्धा कायद्याने वाचतो. सभाशिळेवर बघीरा एका बैलाची किंमत मोजून त्याला कळपात घेतो. माकडांना कायदा नाही, नेता नाही, स्मरण नाही, म्हणून रानात त्यांना मान नाही. माकडांशी सलगी केल्याबद्दल मोगलीला पळवून नेले जाते. त्याची सुटका करण्यासाठी भालू आणि बघीरा ज्याची मनधरणी करतात, तो का नावाचा अजगर आहे. तो भयंकर आहे, त्याचे डोळे गारुड घालतात. पण तो शब्दाचा पक्का मित्र आहे. सुटका झाल्यावर बघीरा मोगलीला पंजाने शिक्षा करतो आणि शिक्षा झाल्यावर प्रकरण संपते, पुन्हा कोणी ते उगाळत नाही. शिक्षेनंतर कटुता उरू नये, हाही कायद्याचाच भाग.

अद्भुतकथेत अशा अंतर्गत नियमाला विशेष महत्त्व असते. सामाजिक कादंबरीत एखादा धागा सुटला तरी वाचक तो आपल्या अनुभवाने जोडतो, कारण कादंबरीचे जग आणि त्याचे जग एकच असते. अद्भुतकथेच्या जगाला बाहेरचा आधार नाही. लेखकाने घातलेला नियम हीच तेथील भूमी. प्राणी बोलतात, हे वाचक मान्य करतो. पण बोलणारे प्राणी शपथ पाळतात की मोडतात, यावर त्या जगाची सचोटी ठरते. म्हणून निष्ठेचा प्रश्न प्रसंगांच्या यादीने सुटत नाही. कोणता प्रसंग गाळला, कोणते पात्र वाढवले, हा हिशोब दुय्यम होय. नियम राखला की मोडला, हे पाहिले पाहिजे.

या कसोटीवर पाच पडद्यांवरचा मोगली तपासून पाहता येतो.

1942 साली झोल्टान कोर्डा याने काढलेल्या चित्रपटात म्हैसूरकडच्या एका माहुताचा मुलगा साबू मोगली झाला. अमेरिकेत उभारलेल्या अरण्यात खरे प्राणी वावरले, साप मात्र रबराचे होते. कथेचा भार रानावरून हटून पडक्या नगरीतील खजिन्यावर आणि माणसांच्या लोभावर गेला. ग्रंथात ‘राजाचा अंकुश’ ही त्या आशयाची कथा आहेच; चित्रपटाने एका फांदीलाच झाड मानले इतकेच. झाड तेच होते, असे म्हणता येते.

1967 चा डिस्नेचा चित्रपट हे निराळे प्रकरण आहे. बिल पीट या कथाकाराने प्रथम ग्रंथाला जवळचा, गडद छायेचा आराखडा तयार केला होता. तो वॉल्ट डिस्नेला रुचला नाही. मतभेद झाले आणि पीट बाहेर पडला. नव्या मंडळींना डिस्नेने ग्रंथ वाचूच नका असे बजावल्याची आठवण त्याच्या सहकाऱ्यांनी नोंदवून ठेवली आहे. डिसेंबर 1966 मध्ये डिस्नेचे निधन झाले आणि चित्रपट पुढल्या वर्षी पडद्यावर आला. त्याची गाणी, त्याची चित्रे, त्याचा हसरा सूर यांना जगाने डोक्यावर घेतले आणि त्यात गैर काही नाही. परंतु कायद्याचा गुरुजी भालू येथे चिंतामुक्त चैनीचा सखा झाला. रानाचा आदिपुरुष हत्ती निवृत्त पलटणी अधिकाऱ्याचे विडंबन झाला. ज्यांना राजा नाही हेच ज्यांचे लक्षण, त्या माकडांना ओरांगउटान जातीचा राजा मिळाला. आणि ओरांगउटान हा बोर्निओ-सुमात्राच्या अरण्यातला प्राणी, सातपुड्यात तो कधीच नव्हता. मोगलीचा सोबती अजगर, तो तर खलपुरुष झाला.

या शेवटच्या बदलाची किंमत कोणी मोजली? हॉलिवुडच्या प्रेक्षकाने नव्हे. अजगर हा त्याच्या शेताच्या बांधावर येत नाही. बालाघाट, मंडला, गोंदियाच्या शेतकऱ्याच्या बांधावर तो येतो, आणि तो बिनविषारी असूनही भीतीपोटी काठीला बळी पडतो. चित्रपटामुळे साप मारले जातात, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. साप मारण्याची भीती चित्रपटापेक्षा फार जुनी आहे. पण ज्या ग्रंथाने त्या भीतीला मान आणि मैत्री यांची जोड दिली होती, तो ग्रंथ पडद्यावर येताना नेमकी तीच जोड तुटावी, ही खंत ज्या गावाच्या अंगणात अजगर येतो त्या गावाला बोलून दाखवण्याचा हक्क आहे.

याच सुमारास सोव्हिएत देशात, 1967 ते 1971 या काळात, रोमान दाविदोव याने पाच भागांत मोगलीचे चलच्चित्र केले. तेथे अजगर ज्ञानी मित्रच राहिला, रानकुत्र्यांचे युद्ध आले, शेवटचा वियोगही आला. एक बदल मात्र लक्षणीय आहे: त्यात बघीरा मादी आहे. हे दिग्दर्शकाच्या लहरीने घडले नाही. रशियन अनुवादात ते नाव व्याकरणाने स्त्रीलिंगी झाले होते आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी तसेच वाचले होते. पडद्याआधी भाषाच रूपांतर करीत असते, याचे याहून सुरेख उदाहरण मिळणे कठीण. आणि तरीही कायदा शाबूत राहिल्यामुळे ते चित्र ग्रंथाशी अधिक इमानी वाटते.

जपानमध्ये 1989 साली निघालेली बावन्न भागांची मालिका 1993 मध्ये दूरदर्शनवर हिंदीत आली. शीर्षकगीत गुलजारांचे, संगीत विशाल भारद्वाजचे आणि शेरखानाचा आवाज नाना पाटेकरांचा. ज्या पिढीने ती रविवारी सकाळी पाहिली, तिला मोगली प्रथम जपानी रेषांत आणि हिंदी शब्दांत भेटला. बावन्न भागांची ऐसपैस जागा असल्यामुळे लांडग्यांचे कुटुंब, कळपाची सभा, वाढत्या मुलाचे चुकणे-शिकणे यांना वेळ मिळाला. ग्रंथात नसलेले कितीतरी प्रसंग त्यात होते. तरी मोगली हा कळपाचा मुलगा आहे, हे त्या मालिकेने कधी विसरू दिले नाही.

2016 मध्ये जॉन फाव्रोचा चित्रपट आला. तो भारतात 8 एप्रिल रोजी, म्हणजे अमेरिकेच्या आठवडाभर आधी प्रदर्शित झाला. मोगलीचे काम करणारा मुलगा सोडला तर त्यातील अरण्य आणि प्राणी बहुतांशी संगणकाने घडवलेले, लॉस एंजेलिसच्या बंदिस्त जागेत जन्मलेले. एवढ्या कृत्रिम साधनाने काम करणाऱ्या या दिग्दर्शकाने ग्रंथाकडे मात्र पुन्हा वळून पाहिले. लांडगे एकसुरात कायदा म्हणतात. दुष्काळातील पाण्याचा तह, जो 1967 च्या चित्रात नव्हता, तो परत आला. हत्तींना रानाच्या निर्मात्यांचा मान परत मिळाला. ओरांगउटान भारतात नाही, हे ध्यानी घेऊन माकडांच्या राजाला प्राचीन आशियातील एका नष्ट झालेल्या महाकाय वानराचे रूप देण्यात आले. राजा काढून टाकण्याचे धैर्य झाले नाही, कारण प्रेक्षकाला त्याचे गाणे हवे होते. पण निदान भूगोलाची चूक सुधारली. अजगर मात्र येथेही शत्रूच राहिला. म्हणजे नव्या चित्रपटाला दोन मूळ ग्रंथ होते: एक किपलिंगचा, दुसरा डिस्नेचा. एकदा केलेला बदल लोकप्रिय झाला की तोच मूळ ठरू लागतो. रूपांतरकाराची जबाबदारी येथे दिसते: तो आपल्या प्रेक्षकापुरते बोलत नाही, पुढल्या रूपांतरकारासाठीही लिहून ठेवत असतो.

मग आदर्श कोणता? ग्रंथ जसाच्या तसा पडद्यावर उतरवावा काय? मराठी माणसाने तरी असा आग्रह धरू नये, कारण त्याचे वाङ्मयच रूपांतराच्या परंपरेवर उभे आहे. गीतेचे सातशे श्लोक ज्ञानेश्वरांनी सुमारे नऊ हजार ओव्यांत आणले; त्यात मूळात नसलेले दृष्टान्त शेकड्यांनी आहेत आणि तरी गीतेशी बेइमानी झाली, असे कोणी म्हटले नाही. मोरोपंतांनी एकशे आठ रामायणे रचली, अशी ख्याती आहे. ग. दि. माडगूळकरांनी छप्पन गीतांत रामकथा बसवली आणि 1955-56 मध्ये पुणे आकाशवाणीवरून ती घराघरांत गेली. छप्पन गीतांत किती प्रसंग सुटले असतील! खाडिलकरांनी 1907 साली महाभारतातील कीचकवध रंगभूमीवर आणला, तेव्हा प्रेक्षकांनी कीचकात कोणाला पाहिले, हे सरकारलाही कळले आणि 1910 मध्ये नाटकावर बंदी आली. प्रसंग व्यासांचा, रोख वर्तमानाचा. या साऱ्यांनी कथा बदलली. तिचा धर्म बदलला नाही.

सत्यजित राय यांनी आपले आजोबा उपेंद्रकिशोर यांची गोपी-बाघाची बालकथा 1969 मध्ये पडद्यावर आणली, तेव्हा हेच केले. भुतांचे ते कित्येक मिनिटे चालणारे नृत्य कथेच्या पानांत सापडणार नाही. पण बेसूर गाणाऱ्या-वाजवणाऱ्या दोन भोळ्या जिवांना भुतांचा राजा तीन वर देतो आणि त्या वरांच्या मर्यादेतच पुढचे सगळे घडते. राय यांनी अडचण आली म्हणून चौथा वर कोठेही उपटवला नाही. नियम पाळून स्वातंत्र्य घेणे म्हणजे काय, याचा हा वस्तुपाठ आहे.

वैनगंगेच्या खोऱ्यातच आणखी एक उदाहरण सापडते. ‘तुंबाड’ हा 2018 मध्ये प्रदर्शित झालेला हिंदी चित्रपट. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सांगितले आहे की 1993 साली नागझिऱ्याच्या अभयारण्यात एका मित्राने रात्री त्यांना नारायण धारपांची एक भयकथा ऐकवली आणि तिने मनात घर केले. धारपांच्या त्या कथेचे बीज स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाच्या कथेत होते. चित्रपटाचे नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून सुचलेले. अमेरिकेतील भय मराठी कथेत आले, नागझिऱ्याच्या रात्री कानांवर पडले आणि कोकणच्या पावसात पडद्यावर उभे राहिले. या प्रवासात मूळ कथेतील फारच थोडे उरले. पण त्या चित्राने स्वतःचा नियम घातला आणि शेवटपर्यंत पाळला. ज्याला मूळापासून इतके दूर जायचे आहे, त्याने असे स्वतंत्र घर बांधावे. जुन्या घराची पाटी लावून आतल्या भिंती पाडू नयेत.

आता एक अवघड मुद्दा. मूळ ग्रंथाशी इमान राखताना मूळ ग्रंथाने स्वतः कोणाशी इमान राखले, हेही विचारले पाहिजे. किपलिंगच्या रानात गोंड येतात, पण बहुधा कडेकडेने. ‘राजाचा अंकुश’मध्ये एक गोंड शिकारी पावलांच्या ठशांतून आणि बाणातून दिसतो, गावावर रान सोडले जाते त्या कथेत गावकरी गोंडांच्या मुखियाला बोलावतात. बैगांना तर त्या रानात जागाच नाही. न्याय हवा असेल तर मोगलीची मानलेली आई मेसुआ कान्हीवाड्याच्या इंग्रजांकडे धाव घेते. रानाचा कायदा सुंदर आहे. त्यावर साम्राज्याची सावलीही आहे. 1893 साली प्रसिद्ध झालेल्या एका आधीच्या कथेत तर तरुण मोगली शेवटी सरकारी जंगलखात्याच्या चाकरीत रुजू होतो! या सावलीशी निष्ठा राखण्याचे बंधन कोणत्याही दिग्दर्शकावर नाही. ग्रंथाचा कणा राखावा, त्याचा पूर्वग्रह राखू नये. आणि दोहोंतला फरक ओळखण्यासाठी ग्रंथ वाचलेला असावा लागतो. डिस्नेची चूक बदल करण्यात नव्हती. न वाचता बदल करण्यात होती.

गोंडांनी या ग्रंथाला दिलेले एक उत्तर फार देखणे आहे. पाटनगढचे गोंड चित्रकार भज्जू श्याम एका उपाहारगृहाच्या भिंती रंगवण्यासाठी लंडनला गेले आणि परत आल्यावर त्यांनी पाहिलेले लंडन गोंड शैलीत रंगवले. 2004 मध्ये निघालेल्या त्या पुस्तकाचे नाव ‘द लंडन जंगल बुक’. त्यात लंडनचे प्रसिद्ध घड्याळ कोंबड्याशी एकरूप झाले आहे, कारण वेळ सांगणारा तोच. जमिनीखालची रेल्वे गांडूळ झाली आहे. ठरल्या वाटेने येणारी बस इमानी कुत्रा झाली आहे. एका इंग्रजाने न पाहिलेले सातपुड्याचे रान लिहिले. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गोंडाने पाहिलेले लंडन रान म्हणून रंगवले. 2018 मध्ये भज्जू श्याम यांना पद्मश्री मिळाली. रूपांतर म्हणजे काय, हे शिकवण्यासाठी ही दोन पुस्तके शेजारी शेजारी ठेवण्यासारखी आहेत.

आणि शेजारी शेजारी ठेवणे, हेच तर ग्रंथालयाचे काम. चित्रपट पाहू नका, असे ग्रंथालयाने सांगू नये. सांगितले तरी कोणी ऐकणार नाही. चित्रपट पाहून आलेल्या मुलाच्या हाती ग्रंथ देता येतो. ते मूल जेव्हा वाचत वाचत अजगराच्या प्रकरणाशी पोचेल आणि चक्रावून विचारील, ‘हा तर मोगलीचा मित्र निघाला, मग खरी गोष्ट कोणती?’, तेव्हा त्याचे वाचन खऱ्या अर्थाने सुरू होईल. त्या प्रश्नाला घाईने उत्तर देऊ नये. त्याला दुसरा चित्रपट दाखवावा, तिसरे पुस्तक द्यावे, जमल्यास मुक्कीच्या फाटकातून कान्हाचे रान दाखवावे आणि जवळच्या पाड्यावर एखाद्या बैगा आजोबांपाशी बसवून वाघाची त्यांची गोष्ट ऐकवावी. ती गोष्ट अजून कोणत्याही पडद्यावर आलेली नसेल. कदाचित तेच मूल पुढे ती आणील. आणि आणताना काय राखायचे, काय सोडायचे, हे त्याला ठाऊक असेल.

किपलिंगच्या दुष्काळात वैनगंगेच्या पात्रातली शांतिशिळा उघडी पडते, हत्ती तह पुकारतो आणि वाघ व हरिण एकाच पाण्याला तोंड लावतात. ग्रंथ आणि चित्रपट यांनाही असा तह करता येतो. त्याची अट एकच: पाण्यावर येणाऱ्याने पाणी गढूळ करू नये. ज्या गावाने शंभर वर्षे पुस्तकांना जपले, त्या गावाला ही अट समजावून सांगण्याची गरज नाही.